कोणाच्या वतीने? : सह्यांच्या अर्जाचा मागोवा

पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल पुण्यात कुरबुर होती. पंचांवर लोकांचा भरवसा उरला नव्हता. सरकारकडे गाऱ्हाणं न्यावं हे ठरायला फारसा वेळ लागला नाही. अडलं ते पुढच्या पायरीवर. गाऱ्हाणं नेणारे कोण? देवस्थान साऱ्या गावाचं, मग चार वकील आणि दोन पेन्शनर 'पुणेकरांच्या वतीने' लिहिणार ते कोणत्या अधिकाराने? साहेबाच्या टेबलावर कागद पोचला की पहिला प्रश्न हाच येणार, हे ओळखणं गणेश वासुदेव जोशी यांना अवघड नव्हतं. ते स्वतः वकील होते आणि तोडगाही वकिलीच निघाला : मुखत्यारपत्र.

पक्षकार कोर्टात आपल्या वतीने बोलायला माणूस नेमतो, तसा लोकांनी सरकारपुढे बोलायला नेमायचा. ज्याला सभासद व्हायचं असेल त्याने किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. 2 एप्रिल 1870 ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली तेव्हा असे 95 सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे 6000 माणसं होती. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव यायला अजून बारा वर्षं होती, मतपेटी म्हणजे काय ते पुण्यात कोणी पाहिलं नव्हतं. सरकारला एक कागद धाडता यावा म्हणून या लोकांनी आधी आपला मतदारसंघ तयार केला. जोशींना पुढे सारं गाव 'सार्वजनिक काका' म्हणू लागलं.

सह्या गोळा करायच्या आणि सरकारपुढे कागद ठेवायचा, ही गोष्ट आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही पूर्वज असतील असं वाटतच नाही. नळाला पाणी नाही, निवेदन द्या. एसटी फाट्यावर थांबत नाही, निवेदन द्या. शाळेला मास्तर नाही, पुलाला कठडा नाही, पीकविमा जमा नाही, निवेदन द्या. प्रति, मा. तहसीलदार साहेब, विषय, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आणि खाली सह्यांचं भेंडोळं. पोच घ्यायची, शिक्का नीट उमटला ना ते पाहायचं आणि बाहेर येऊन फोटो काढायचा. या कागदाची वंशावळ मात्र बरीच गुंतागुंतीची आहे आणि त्यात मान्य झालेल्या अर्जांपेक्षा फेटाळलेलेच अर्ज जास्त बोलके आहेत.

इंग्रजांच्या आधी अर्ज नव्हते असं नाही. पेशवे दप्तरात रयतेची गाऱ्हाणी भरपूर सापडतात : कमाविसदाराने जास्तीची पट्टी घेतली, देशमुखाने वेठीला धरलं, पाटीलकीच्या वादात दुसऱ्याच्या बाजूने निवाडा झाला. माणसं पायपीट करून हुजुरात जात आणि दाद मागत. पण त्या काळी रयतेच्या हातातलं खरं हत्यार कागदाचं नव्हतंच. जुलूम असह्य झाला की गाव परागंदा होई. बैल, बायकापोरं, अवजारं घेऊन माणसं शेजारच्या परगण्यात जात, आणि सरकारला मग कौल देऊन, इस्ताव्याने म्हणजे पहिली काही वर्षं कमी सारा घेऊन आणि तो पायरीपायरीने चढवत, त्यांना परत बोलवावं लागे. पडीक जमीन आणि ओसाड गाव हेच निवेदन, आणि त्याची पोच कौलनाम्याच्या रूपाने मिळे. हा उपाय तेव्हा चाले, कारण जमीन मुबलक होती आणि कसणारे हात थोडे. इंग्रजी अमदानीत शेताची मोजणी झाली, सारा शेतकऱ्याच्या नावावर चढला, सावकाराचं खत, म्हणजे कर्जाचा कागद, कोर्टात वाजू लागलं. पळून जायचं तर कुठे? सगळीकडे तोच कलेक्टर.

मग उरला कागद. तो साहेबाला समजेल अशा भाषेत आणि साहेबाच्या रीतीने लिहायचा, म्हणून तो शिकलेल्यांच्या हाती गेला. मुंबईत 26 ऑगस्ट 1852 ला बॉम्बे असोसिएशन निघाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, नौरोजी फर्दुनजी असे लोक त्यात होते. निमित्तही नेमकं होतं : कंपनीच्या सनदेची मुदत संपत होती आणि 1853 मध्ये पार्लमेंट नवा कायदा करणार होतं. कायदा व्हायच्या आत आपलं म्हणणं लंडनला पोचलं पाहिजे, ही वेळेची समज मला या सगळ्या प्रकरणात विशेष वाटते. अर्जात कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणसं घ्या आणि वरच्या नोकऱ्या आमच्या लोकांना खुल्या करा, अशा मागण्या होत्या. आज त्या वाचताना मवाळ वाटतात. तेव्हा मुंबईतल्या काही शेठमंडळींना त्या इतक्या झोंबणाऱ्या वाटल्या की ती बाजूला झाली. सरकारशी ज्यांचा रोजचा धंदा, त्यांना सही करताना हात आखडता घ्यावासा वाटतो, हे तेव्हापासूनचं आहे.

पुण्याच्या सभेचा पिंड वेगळा होता. 1871 मध्ये न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यात आले. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना पुढे येता येईना, पण सभेच्या लिखाणावर त्यांचा हात होता हे सगळ्यांना माहीत होतं. अर्जातली गयावया त्यांनी काढून टाकली आणि तिथे माहिती भरली. शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली तेव्हा सभेने दख्खनच्या शेतकऱ्याच्या स्थितीची चौकशी केली : सारा किती वाढला, कर्ज किती, बैल किती उरले. 1873 साली ती माहिती छापली. सरकारने ती वाचली असेल, नसेल. दोन वर्षांनी, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना पैसा नको होता, खतं हवी होती. ती काढून त्यांनी जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. मग आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सभेचा अर्ज दोन वर्षं पडून राहिला आणि जाळलेल्या खतांना चार वर्षांत कायदा मिळाला, असा हिशेब कोणी मांडला तर तो खोटा म्हणता येणार नाही. अपुरा मात्र आहे. कारण आयोग बसतो तेव्हा त्याच्यापुढे मांडायला आकडे लागतात, आणि ते आग लागल्यावर गोळा करता येत नाहीत.

1876 ते 78 च्या दुष्काळात सभेने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली, पावसाची, पिकाची, गुरांची, मजुरीची खबर आणवली आणि सरकारला अहवालामागून अहवाल धाडले. तेवढ्यात व्हाइसरॉयने सर रिचर्ड टेंपल यांना खर्च आटोक्यात आणायला पाठवलं. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि अर्धा आणा पुरे, असं टेंपल यांनी ठरवलं. मजुरांनी कामं सोडून दिली. खडी फोडून उपाशी मरायचं तर न फोडता मरू, असा तो हिशेब. सभेने त्यांची बाजू लावून धरली, एक पौंडात माणूस कामावर टिकत नाही हे सरकारला लिहून कळवत राहिली. आणि तेच टेंपल 1877 मध्ये मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्लीला मोठा दरबार भरला होता. देशभरचे राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत, हत्तीघोड्यांसह हजर. त्यात सभेच्या वतीने सार्वजनिक काका गेले ते हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत. सभेचं मानपत्र राणीची प्रजा म्हणून इंग्रजांच्या बरोबरीचा दर्जा मागत होतं. अंगावर खादी आणि हातात बरोबरीची मागणी! दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला उभा राहिला तेव्हा बचावाला कोणी येईना. काका उभे राहिले. अर्ज करणारा आणि बंड करणारा यांच्यात सरकार जेवढं अंतर मानत होतं, तेवढं त्यांनी मानलेलं दिसत नाही. 1880 मध्ये ते गेले.

सभेच्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग मात्र त्यांच्या पश्चात घडला. 1895 मध्ये सभा टिळकांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा वेगळी काढली. 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. आधीच्या दुष्काळाचा धडा म्हणून सरकारने तोवर दुष्काळ संहिता तयार केलेली होती : काम कधी काढायचं, मजुरी कशी द्यायची, सवलत कोणाला. हे सगळं इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. टिळकांनी ते मराठीत आणलं, 'केसरी'तून छापलं, पत्रकं काढली, आणि सभेची माणसं गावोगाव जाऊन चावडीवर ते वाचून दाखवू लागली. पीक बुडालं असेल तर सारा तहकूब करून किंवा माफ करून मागता येतो. काम काढा म्हणून सांगता येतं. हे उपकार नाहीत, सरकारचाच नियम आहे. दागिने मोडून आणि बैल विकून सारा भरू नका.

यात बेकायदा एक अक्षर नव्हतं. पण सरकार जेवढं सभेच्या सत्तावीस वर्षांच्या अर्जांनी हललं नव्हतं तेवढं या पत्रकांनी हललं. काही कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले आणि 1897 मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा अधिकार यापुढे या सभेला राहणार नाही. पाकिटावर जोवर सरकारचा पत्ता होता तोवर सभा चालली. पाकीट रयतेच्या नावाने जाऊ लागलं तेव्हा सभेची मान्यता गेली. नागरिकांनी सरकारवर वजन कसं टाकावं याचा आपल्याकडचा सगळ्यांत स्पष्ट धडा सरकारनेच असा लिहून ठेवला आहे. अर्ज वाचून सरकार क्वचित घाबरतं. सरकारचा नियम लोकांना तोंडपाठ झाला की घाबरतं.

या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती सभेला फारशी मानवणारी नाही. पन्नास सह्यांचं मुखत्यारपत्र खरं, पण त्या सह्या कोणाच्या? ज्याला सही करता येत नाही त्याचा मुखत्यार कोण? जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक' या बिरुदावरच बोट ठेवलं. शूद्र-अतिशूद्र, शेतकरी ज्या सभेत नाहीत ती सार्वजनिक कसली, असा त्यांचा रोकडा सवाल होता. स्वतः अर्ज करण्यात ते मागे नव्हते. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांच्या साऱ्यातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातल्या मुलाला प्राथमिक शाळाही नाही, हे गाऱ्हाणं नीट मांडलेलं आहे. पण त्यांचा खरा अर्ज 1888 मधला. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. हिरे-माणकांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव आले ते खांद्यावर घोंगडी टाकून, फाटक्या मुंडाशात, कुणब्याच्या वेषात. दारावरच्या लोकांनी अडवलं, यजमान हरी रावजी चिपळूणकर यांनी आत नेलं. इथे बसलेल्या लोकांवरून हिंदुस्थान कसा आहे ते ठरवू नका, खेड्यात जाऊन पाहा आणि आईसाहेबांना आमच्या शिक्षणाचं सांगा, असं त्यांनी ड्यूकला सुनावलं. कोणाच्या वतीने बोलता या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अंगावर घालून आणलं होतं.

फुल्यांचेच अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेली, नंतर 'दीनबंधु' चालवलं. 1884 मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. त्याच्यापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, फॅक्टरी इन्स्पेक्टर बोलणार. ज्याच्यासाठी आयोग तो कामगार मात्र पहाटेपासून साच्यावर उभा. लोखंडेंनी 23 सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत सभा घेतली आणि 5500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. तो अर्ज मला या साऱ्या वंशावळीतला सगळ्यांत नेटका वाटतो, कारण त्यात मोघम असं काहीच नाही. दर रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी, आणि कायमचा निकामी झाला तर पोटाची सोय. एवढंच. 'कामगारांची दुःस्थिती दूर करावी' असं एक वाक्य नाही. मालकाला प्रत्येक मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागेल अशी ती रचना.

उत्तर आलं नाही. सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला लोखंडेंनी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार आले. दोन कामगार बायकांनी भाषणं केली, जी त्या काळी ऐकायलाही विरळा गोष्ट. रविवारच्या सुट्टीचा अर्ज पुन्हा मालकांच्या संघटनेकडे गेला. 10 जून 1890 ला मालकांनी ती सुट्टी मान्य केली. मागणी तीच होती. 1884 मध्ये सह्या कागदावर होत्या, 1890 मध्ये त्या मैदानावर उभ्या होत्या. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगावर लोखंडेंना सभासद म्हणून घ्यावं लागलं, आणि 1891 मध्ये नवा फॅक्टरी कायदा आला.

दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर आणि पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांना तर कोणाचं प्रतिनिधित्व उसनं घ्यायचं नव्हतं. लष्करातली महारांची भरती सरकारने बंद केली होती. वलंगकर स्वतः पेन्शनर फौजी. 1894 मध्ये त्यांनी सरसेनापतींना उद्देशून विनंतिपत्र लिहिलं. कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. त्यांनी सासवडला 51 गावांच्या महारांची सभा भरवली, दीड हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारला धाडला, आणि 1910 मध्ये थेट लंडनला भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. आम्ही तुमच्याच पलटणींत लढलो, मग आता आम्ही चालत नाही ते का? 1917 मध्ये महायुद्धाला माणसं कमी पडू लागली तेव्हा 111 वी महार पलटण उभी झाली, 1921 मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. अर्जाला यश आलं म्हणायचं की सरकारला गरज पडली म्हणायचं? दोन्ही खरं असावं. गरज पडेल त्या दिवशी मागणी आधीपासून नोंदलेली असणं, हे अर्जाचं एक काम आहेच. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी मग मुळालाच हात घातला : अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलणं पुरेसं नाही, त्यांचा प्रतिनिधी त्यांच्यातलाच हवा. दुसऱ्याने करायच्या अर्जाची मुदत संपल्याचीच ती नोटीस होती.

लंडनची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती पुरेशी सांगितली गेली आहे. दादाभाई 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून कॉमन्समध्ये निवडून आले, आणि 1893 मध्ये सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव कॉमन्सने मंजूर केला. सार्वभौम पार्लमेंटचा ठराव! तो तसाच पडून राहिला. प्रत्यक्ष खासदार आपल्या बाजूने उभे केले तरी मधली कचेरी कागद दाबू शकते, हे ज्यांना नव्याने कळतं त्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावं.

स्वातंत्र्य आलं आणि अर्जदार मतदार झाला. आता कोणाच्या वतीने हा प्रश्न सुटायला हवा होता. 1953 च्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला तेव्हा त्याच्याकडे देशभरातून दीड लाखावर कागद आले. त्यांतली विचार करून लिहिलेली निवेदनं दोनेक हजारांहून जास्त नव्हती, असं आयोगानेच नोंदवलं. बाकी तारा आणि ठराव. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचं निवेदन त्या मोजक्या कागदांत बसणारं. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ त्या कामात होते. सारा मुद्देसूद युक्तिवाद होऊनही आयोगाने मुंबईसह महाराष्ट्र दिला नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे : गोळीबार, शंभरावर हुतात्मे, 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण, आणि 1 मे 1960. सीमाभागाच्या वाट्याला तेही आलं नाही. महाजन आयोगाने 2240 निवेदनं घेतली, 7572 माणसांच्या भेटी घेतल्या आणि 1967 मध्ये बेळगाव आहे तिथेच ठेवलं. निवेदनांच्या संख्येने निकाल लागत असता तर बेळगावकरांचा केव्हाच लागला असता.

सगळेच अर्ज करतात असंही नाही. साखर कारखानदाराला निवेदन द्यायला रांगेत उभं राहिलेलं कोणी पाहिलं आहे का? त्याची माणसं सभागृहात बसलेली असतात. अर्ज ही ज्यांचं माणूस आत नाही त्यांची गोष्ट आहे.

म्हणून 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जे केलं ते या वंशावळीतलं मोठं वळण मानायला हवं. रोजगार हमी ही वि. स. पागे यांच्या डोक्यातली कल्पना. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला होता. दुष्काळात लाखो माणसं खडीवर आली, त्यांच्या संघटना झाल्या, मोर्चे निघाले, आणि रोजगार हमीचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर बसवला गेला तो याच योजनेसाठी. कायद्याचा गाभा अगदी साधा होता. मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. रुपया क्षुल्लक, पण तो द्यावा लागला तर कोणाच्या तरी चुकीची नोंद होणार. 1896 मध्ये काम काढा असं सांगायला शिकवल्याबद्दल खटले झाले होते. इथे तेच सांगण्यासाठी सरकारने छापील नमुना काढला. मजूर विनंती करत नव्हता, मागणी नोंदवत होता, आणि नोंदवल्या तारखेपासून दिवस मोजले जाणार होते.

पण तारीख पडायला पोच हवी. रोजगार हमीत काम केलेला कोणीही कार्यकर्ता सांगेल की अर्धी लढाई तिथेच असते. मागणी अर्ज घ्यायला ग्रामसेवक जागेवर नाही. आहे तर नमुने संपलेत. नमुने आणून दिले तर 'ठेवून जा, बघतो'. 'ठेवून जा' म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस नाहीत आणि भत्ताही नाही. मग पन्नास बायका पंचायतीच्या ओट्यावर बसून राहतात, शिक्का पडेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला ते आंदोलन वाटतं. त्या फक्त पोच घेत असतात.

माहितीच्या अधिकाराने हेच घड्याळ प्रत्येक कचेरीला लावलं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने मस्टर आणि बिलं गावापुढे वाचून दाखवायला सुरुवात केली होती. चावडीवरच्या त्या जुन्या वाचनाचीच ही दुसरी आवृत्ती. महाराष्ट्रात अण्णा हजारे ऑगस्ट 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा रखडलेल्या राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती आली. 12 ऑक्टोबर 2005 ला केंद्राचा कायदा लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात पडला. दहा रुपये, तीस दिवस, आणि कलम 6 च्या दुसऱ्या पोटकलमात एक वाक्य, ज्याच्यासाठी सव्वाशे वर्षं लोकांनी सह्या गोळा केल्या होत्या : अर्जदाराला माहिती कशाला हवी हे विचारायचं नाही, आणि संपर्कापुरता तपशील सोडला तर तो कोण हेही विचारायचं नाही.

याची किंमतही मोजावी लागली. पूर्वी अर्ज करायचा तर पन्नास घरं फिरावं लागे, पन्नास जणांना पटवावं लागे. त्या फिरण्यातच संघटना होई. आता एकटा माणूस एका संध्याकाळी अर्ज लिहितो, एकटाच अपिलाला जातो आणि धमकी आली तर ती त्याला एकट्यालाच येते. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले.

सह्यांचं निवेदन यामुळे मेलं नाही, पण पातळ झालं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. जिल्हाधिकारी कचेरीत कागद येतात, आवक नंबर पडतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' ते ज्या कचेरीविरुद्ध तक्रार तिच्याकडेच अग्रेषित होतात, आणि तिथून 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे' असं पत्र येतं. काम झालं की नाही याचा त्यात उल्लेख असेलच असं नाही. निवेदनाचा फोटो मात्र दुपारपर्यंत तालुक्याच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला असतो. देणारे सात, त्यातले पाच पुढच्या निवडणुकीतले इच्छुक. त्या कागदाचा खरा पत्ता तहसीलदार नसतोच. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आमदारामार्फत तिच्यापुढे रीतसर अर्ज ठेवता येतो. ती असते हे माहीत असलेले गावात किती निघतील, याचा अंदाज न केलेला बरा.

मुरलेले अर्जदार वेगळ्या वाटेने जातात. ते आधी माहिती मागतात : रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराला दिलेल्या बिलाची तारीख. ती हातात आली की निवेदन लिहितात, आणि मग त्या निवेदनात 'खड्डे बुजवावेत' असं नसतं. अमुक तारखेला अमुक मीटर डांबरीकरणाचं बिल निघालं आहे, ते मीटर दाखवा, असं असतं. महाराष्ट्र सरकारने 2012 मध्ये नियम केला की माहितीच्या अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. सार्वजनिक सभेची निवेदनं पानंच्या पानं चालत. ती या नियमात बसली नसती. आताचे लोक एका रस्त्याचे पाच अर्ज करतात, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात, पाचांची वेगवेगळी पोच घेतात आणि पाच जणांच्या नावाने टाकतात, म्हणजे एकावर दबाव आला तरी चार चालू राहतात.